सागाच्या हाडांची गाडी

मंदाकिनीबाई टिपणीसांनी गाडी घेतली तेव्हा त्यांच्या घरात स्कूटरसुद्धा नव्हती. श्रीपादराव नौपाड्यातून चालत स्टेशन गाठत, बाई बसने पॉलिटेक्निकला शिकवायला जात, आणि सहा वर्षांची लेक ऋजुता शेजारच्या आजोबांचं बोट धरून शाळेत जाई. अशा घरातल्या बाईने शहाडला एका विद्यार्थ्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला जावं आणि परसातल्या ताडपत्रीखाली पडलेली १९५२ सालची विलायती एमजी मोटार विकत घेऊन यावं, हा विषय पुढे कित्येक वर्षं नातेवाइकांच्या गप्पांना पुरला.

ताडपत्रीवर कोंबड्या बसल्या होत्या. घरमालक गाडी भंगारवाल्याला द्यायच्या बेतात होता. बाईंनी कोंबड्या हाकलल्या, ताडपत्रीचं टोक उचललं आणि प्रसादाचा द्रोण हातात तसाच राहिला. लांबलचक नाक, दोन मोठे गोल दिवे, चाकांवरून वळसे घेत मागे गेलेली मडगार्डं, बसायला दोनच माणसांची जागा आणि वर फाटकं कापडी छप्पर. बाई बारा वर्षं यंत्रशास्त्र शिकवत होत्या. फळ्यावर त्यांनी शेकडो यंत्रं काढली होती. पण निव्वळ मजेखातर कुणी इतकं सुबक यंत्र घडवलं असेल, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

त्यांनी आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. श्रीपादरावांना ते चार दिवसांनी सांगितलं.

"अगं, पण आपण तीन माणसं आहोत," श्रीपादराव एवढंच म्हणाले.

गाडी रस्त्यावर यायला दोन वर्षं लागली. साधे पाने तिच्या नटांना बसत नसत, तिचं मापच निराळं. त्या मापाच्या पान्यांचा संच चोरबाजारातून आणला. सुटे भाग इंग्लंडहून टपालाने यायचे आणि कस्टममध्ये महिनोन् महिने पडून राहायचे. पण एका रविवारी सकाळी, घोडबंदर रोडला एवढी वर्दळ नव्हती तेव्हाची गोष्ट, बाईंनी समोरची काच बॉनेटवर आडवी पाडली आणि गाडी सोडली. वारा थेट तोंडावर आला. रस्ता इतका जवळ की हात खाली सोडला तर डांबराला लागेल. वेग चाळीसचा, पण वाटत होता ऐंशीचा. येऊरच्या बाजूने ओल्या पानांचा वास येत होता आणि बाई मोठमोठ्याने गात होत्या. घरी त्या कधी गुणगुणतसुद्धा नसत. शेजारी ऋजुताला मांडीवर घेऊन बसलेल्या श्रीपादरावांनी एका हाताने दार धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने टोपी.

त्या गाण्याची किंमत घराने पुढे सत्तावीस वर्षं मोजली. युरोपच्या सहलीसाठी बाजूला टाकलेले पैसे गिअरबॉक्समध्ये गेले. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला दाटीवाटीने बसून निघालेले तिघं मुंब्रा बायपासला गाडीतला पेट्रोलचा पंप बंद पडल्याने पंगत उठल्यावर पोहोचले. श्रीपादरावांच्या जवळजवळ प्रत्येक शर्टाला कुठे ना कुठे तेलाचा डाग होता. ते कधी भांडले नाहीत. फक्त गाडीला 'तुझी' म्हणत. 'आपली' असं एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही.

मग त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. टिपणीस दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या जागेत आले. बिल्डर भाडं देत होता, जागाही बरी होती, पण खाली वाहन ठेवायला तसूभर जागा नव्हती. बाईंच्या मावसभावाचा डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला एक कारखाना होता. त्याने शेडमधला एक कोपरा देऊ केला. बाई एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. शिळफाटा ओलांडून मानपाड्यापर्यंत नीट आल्या. तिथे एका खड्ड्यात डावं चाक गेलं, काहीतरी कडकन मोडलं आणि डाव्या बाजूचं दार उघडून खाली लोंबायला लागलं.

समोर लाकडाची वखार होती. तिथल्या बाकड्यावर पांढरं धोतर नेसलेला एक उंच म्हातारा बसला होता. तो उठून आला. लोकांसारखा गाडीचा फोटो काढायला नाही की 'किती सालची?' विचारायला नाही. दाराची बिजागरी जिथून उखडली होती तिथे त्याने अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तपकिरी भुसा त्याच्या तळव्यावर सांडला.

"बाय, पत्र्याला काय झाला नाय," तो म्हणाला. "आतला लाकूर गेलाय."

बाईंनी मान डोलावली. त्यांना ते ठाऊक होतं आणि तरी कुणी बोलून दाखवेपर्यंत त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. सांगाडा कुजला की गाडी उभी राहते ती निव्वळ सवयीने.

"यो लाकूर कनचा हाय? आपल्याकरचा नाय."

"इंग्लंडचं आहे. ॲश म्हणतात."

"तरीच. खारी हवा सोसली नाय त्याला." म्हाताऱ्याने भुसा फुंकून टाकला. "मी होऱ्या बांधल्या चालीस वर्सां. रेतीच्या होऱ्या. मोठागावला येऊन धाकू केण्याचा घर इचार, कोनपन सांगेल."

दार दोरीने बांधून, होड्या बांधणाऱ्या म्हाताऱ्याचा पत्ता लक्षात ठेवून बाई शेडपर्यंत पोहोचल्या. आठवडाभर त्यांनी तीन गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. एकाने लोखंडी अँगल वेल्ड करू म्हटलं, दुसऱ्याने फायबर घालू म्हटलं, तिसरा म्हणाला, "मॅडम, एमजीच्या नव्या गाड्या आल्यात की, चांगल्या आहेत." आठव्या दिवशी बाई डोंबिवली पश्चिमेला उतरल्या आणि रिक्षावाल्याला मोठागाव म्हणाल्या.

धाकू केण्यांचं घर म्हणजे तीन मजली संगमरवरी बंगला निघाला. खाडीलगतची जमीन बिल्डरांना गेली होती, नातू मितेश त्याच धंद्यात होता, दारात दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. वाळूच्या होड्या बंद झाल्या तेव्हापासून धाकूदादा रिकामे होते. बंगल्यामागे पत्र्याचं एक छप्पर तेवढं त्यांनी कुणाला पाडू दिलं नव्हतं. तिथे सागाच्या जुन्या फळ्या रचून ठेवल्या होत्या.

"शेवटच्या होरीसाठी घेतलेल्या," ते म्हणाले. "होरी झालीच नाय. सुकून सुकून आता घंटेसारख्या वाजतान." त्यांनी बोटाने टकटक केली. फळी खरोखरच वाजली.

गाडी त्या छपराखाली आली. त्यानंतर दीड वर्ष बाई आठवड्यातून तीन दिवस मोठागावला जात राहिल्या.

दोघांचं पहिलं भांडण दुसऱ्याच आठवड्यात झालं. बाई प्रत्येक कुजका तुकडा जपून काढत, मोजत आणि कागदावर त्याचं रेखाचित्र काढत. धाकूदादा कागदाकडे बघतसुद्धा नसत. ते सुतळी लावत, एक डोळा मिटत आणि वाकसाने लाकूड तासत. बाईंच्या हट्टापायी दाराचा पहिला खांब रेखाचित्राप्रमाणे झाला आणि बसवायला गेल्यावर बोटभर आखूड निघाला.

"कुजलेल्याचा माप घेतला बाय तुना," धाकूदादा शांतपणे म्हणाले. "आटलाय तो. तरना होता तवा किती होता, ता कागदाला कसा कलनार?"

बाई ओशाळल्या. पुढचा खांब त्यांनी दादांवर सोडला. तो एका ठोक्यात बसला. पण तळाच्या तुळईची पाळी आली तेव्हा दादांनी ती होडीसारखी जाड केली, आणि दार लागेना. बाईंनी सांगितलं, दादांनी ऐकलं नाही. बाईंनी कागद पुढे केला, दादांनी तो उलटा धरून पाहिला आणि परत दिला. "दार लाहान असंल," म्हणाले. चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बाई आल्या तर तुळई तासून झाली होती, दार गपकन लागत होतं, आणि दादा पाठमोरे बसून पटाशीला धार लावत होते.

"दोन सूत काढला," ते न वळता म्हणाले.

दुपारी दादांच्या पत्नी सगुणाबाई तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन येत. एकदा त्या बाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "बारा वर्सांनी अवजारा भायेर काढली त्यानी. नायतर सकाली वखारीवर जाऊन बसाचा न् दुपारपासना टीव्हीसमोर. हा का हू नाय. आता दोन भाकऱ्या जातान."

मितेशला मात्र हे पसंत नव्हतं. त्याने एक दिवस बाईंना गेटपाशी गाठलं. मुलगा आदबशीर होता, पण स्पष्ट बोलला. "मॅडम, राग मानू नका. गावात लोक बोलतात. केण्यांच्या म्हाताऱ्याला या वयात दुसऱ्याची सुतारकी करायला लागते, म्हणजे घरात वांधे झालेत काय? मला लोकांना तोंड द्यावं लागतं यार."

"तुम्ही त्यांना सांगून बघितलंत?"

"सांगितलं ना. मलाच बोलले, तुझ्या बिल्डिंगीत एक तरी खांब तू उभा केलायस काय?" मितेशने कपाळाला हात लावला, पण त्याला हसूही आलं होतं.

लाकूडकाम संपत आलं आणि इकडे ठाण्यात बिल्डरचं काम थांबलं. भाड्याचे पैसे यायचे बंद झाले. सोसायटीच्या बैठका, वकील, अर्ज सगळं झालं. नौपाड्यातलं भाडं आता दोघांच्या पेन्शनमधून जाऊ लागलं. श्रीपादरावांची औषधं होती, गाडीचं रंगकाम बाकी होतं. ऋजुता पुण्याहून पैसे पाठवायला तयार होती, पण तिच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं आणि दोघांनीही तिला नको म्हटलं.

"मंदा," श्रीपादराव एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "मी आजवर कधी म्हटलं नाही. पण आता गाडीला गिऱ्हाईक बघ."

 बाईंना त्यात चूक काढता येईना.

गिऱ्हाईक मिळालं. शौनक नावाचा पंचेचाळिशीचा गृहस्थ, घोडबंदरच्या एका टॉवरमध्ये राहणारा, जुन्या गाड्यांचा खरा जाणकार. तो मोठागावला आला तेव्हा गाडी रंग होऊन उभी होती, गडद हिरवी. शौनक तिच्याभोवती फिरला, वाकला, त्याने टॉर्च लावून आत पाहिलं. बाईंना तो आवडला. बॉनेट उघडण्याआधी त्याने हात पुसले होते.

"इंजिन फारच सुंदर ठेवलंयत तुम्ही," तो म्हणाला. "मी अठरा लाख मनात धरून आलेलो. पण खरं सांगतो, सांगाडा सागाचा आहे. मूळ गाडीत ॲश असतो. मी घेतली तर इंग्लंडहून तयार सांगाडा मागवीन. त्यामुळे चौदा."

धाकूदादा खांबाला टेकून उभे होते. "न् यो?" त्यांनी विचारलं. "याचा काय करनार?"

शौनकला प्रश्नाचं वजन कळलं नाही. "हा काढून टाकायला लागेल, काका. काम चांगलं आहे हो, पण ओरिजनल नाही."

दादांनी मान डोलावली आणि अवजारं आवरायला घेतली. रंधा पुसला, पटाश्या कापडात गुंडाळल्या, एकेक करून पेटीत ठेवल्या. बाईंनी शौनककडे दोन दिवसांची मुदत मागितली. तो गेल्यावर त्या दादांजवळ गेल्या.

"दादा, मला पैशांची गरज आहे. नाहीतर..."

"वीक," दादा म्हणाले. "होरी मी कवा माझ्या घरी ठेवली? बांधली, पान्यात ढकलली, की ती मालकाची. मालकानी मग ती फोरली तरी बांधनाऱ्यानी बोलाचा नाय." ते पेटी उचलून घरात गेले. त्या दिवशी सगुणाबाईंनी आणलेली भाकरी तशीच राहिली.

बाई घरी आल्या तरी त्यांचं काहीच ठरत नव्हतं. श्रीपादरावांना त्यांनी सगळं सांगितलं. चौदा लाखांचं सांगितलं, सागाचं सांगितलं, भाकरीचंही सांगितलं.  श्रीपादराव ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपडे करून कुठेसे गेले. जेवायच्या वेळेला आले नाहीत. फोन उचलेनात. चार वाजता दारात आले ते घामाघूम.

"अहो, होतात कुठे?"

"मोठागावला." ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले. "ते केणे फार कमी बोलतात. मी म्हटलं, मला दाखवा काय केलंयत. त्यांनी आतलं अस्तर काढून दाखवलं. मंदा, एक खिळा नाही गं त्या सांध्यांत. नुसतं लाकडात लाकूड अडकवलंय. मी बोट फिरवून पाहिलं, सांधा कुठे आहे ते कळत नाही." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "दीड वर्ष तू तिथे जात होतीस आणि मला वाटत होतं की गॅरेजमध्ये बसतेस."

बाईंनी त्यांचा रिकामा पेला उचलून पुन्हा भरला.

"येताना मी तिथली एक जागा पाहून आलो," श्रीपादराव पुढे म्हणाले. "त्यांच्याच आळीत. दुसरा मजला. इथल्या निम्म्या भाड्यात मिळते. इथलं भाडं झेपत नाही, आणि गाडी तर विकायची नाही. मग उरतं काय?"

"अहो, पण तुम्ही नौपाडा सोडणार?" बाईंना ते खरं वाटेना. अडुसष्ट वर्षांत श्रीपादराव नौपाड्याबाहेर राहिले नव्हते. त्यांचं वाचनालय इथे, त्यांचे चार मित्र इथे, त्यांचा भाजीवालासुद्धा ठरलेला. "इमारत कधी होईल ते ठाऊक नाही. पाच वर्षं लागतील."

"लागू देत," श्रीपादराव म्हणाले, पण ते खिडकीतून गल्लीकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. बाईंनी ते पाहिलं. ही गाडीची आजवरची सगळ्यात मोठी किंमत होती, आणि या वेळी ती त्या स्वतः मोजत नव्हत्या. नको म्हणावं असं त्यांना वाटलं. म्हणता आलं नाही. त्यांना ती गाडी हवी होती.

महिन्याभरात सामान मोठागावला आलं. ट्रकमधून पुस्तकांचे खोके मितेशच्या माणसांनी वर नेले, आणि मितेशने त्याचे पैसे घेतले नाहीत. त्याच आठवड्यात बाईंनी दादांना गाडीत बसवलं. दोघं माणकोलीच्या नव्या पुलावर चढले. सकाळची वेळ होती, काच आडवी पाडलेली, खाली खाडी पसरलेली. पूर्वी जिथे होड्यांची रांग लागायची तिथे आता पाणीच पाणी होतं. दादा एका बाजूला झुकून बघत होते. खड्डा आला, गाडी उसळली, आणि सांगाड्यातून एकसुद्धा आवाज आला नाही. दादांनी मग दाराच्या खांबावर तळवा ठेवला आणि पुलाच्या टोकापर्यंत तो काढला नाही.

"जोरात ने ना बाय," ते ओरडले. "कनाला घाबरतस?"

बाईंनी नेली. म्हाताऱ्याचं पागोटं उडून मागच्या टेम्पोच्या काचेवर जाऊन बसलं, टेम्पोवाल्याने शिव्या घातल्या, आणि मग गाडी बघून हात केला.

श्रीपादरावांना मोठागाव सोपं गेलं नाही. डास होते, खाडीचा वास होता, वाचनालय नव्हतं. काही दिवस ते गप्प गप्प असत. तेव्हा बाईंनी ठरवलं की दर बुधवारी दुपारी त्यांना नौपाड्यात नेऊन सोडायचं. पहिल्या बुधवारी श्रीपादराव म्हणाले, मागच्या गल्लीत थांबव, उगाच तमाशा नको. बाईंनी ऐकलं नाही आणि गाडी वाचनालयाच्या दारातच उभी केली.

त्यांचे चारही मित्र पायऱ्यांवरून उतरून आले. कुणी दिव्यावर हात फिरवला, कुणी आत डोकावलं.

"श्रीपाद, अरे ही तीच का? केवढी देखणी झाली रे!"

"आतून बघा," श्रीपादराव म्हणाले. ते खाली उतरले आणि त्यांनी दार उघडून धरलं. "सगळा सांगाडा सागाचा आहे. इंग्लंडच्या लाकडाला आपली हवा सोसत नाही. धाकू केणे म्हणून आहेत आमच्या मोठागावचे, त्यांचं काम. एक खिळा शोधून दाखवा." मग जरा रंगात येऊन त्यांनी नाकाडावरच्या चकचकीत झाकणावर टिचकी मारली. "आणि पेट्रोल इथून भरतात आपल्या गाडीत."

ते झाकण रेडिएटरचं होतं, पाण्याचं. बाईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"कितीला येऊ न्यायला?" त्यांनी विचारलं.

"साडेसहाला ये." श्रीपादरावांनी मित्रांकडे पाहिलं. एक जण मडगार्डपाशी उकिडवा बसला होता, दुसरा मोबाइल काढत होता. "सातला आलीस तरी चालेल. किंवा असं कर ना, गाडी इथेच राहू दे, आणि तू वर चहाला ये."